उंदराला आठवतं की लाकडाला

मिलिंद, तुझ्या नावाची पाटी तयार होते आहे आणि तिच्यावरची ओळ खरी नसावी, असा मला संशय आहे.

शोकसभा संपल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. कॉलेजच्या प्राणिगृहाला, म्हणजे तुझ्या उंदरांच्या खोलीला, तुझं नाव द्यायचं ठरलं आहे. दाराशेजारी काळ्या दगडाची पाटी बसेल. मजकूर त्यांनीच लिहिला होता, मला फक्त शुद्धलेखन बघायला सांगितलं. 'वासाची आठवण सर्वांत जास्त टिकते हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांच्या स्मरणार्थ', आणि खाली तुझं पूर्ण नाव. हीच ओळ लांबवून स्मरणिकेसाठी लेख लिहून द्यावा, अशीही विनंती होती.

शुद्धलेखनात चूक नव्हती. मी 'सिद्ध' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे कोणी ठरवलं?"

"म्हणजे काय? सगळ्यांना माहीत आहे."

हे वाक्य ऐकल्यावर मी काय करतो, ते तुला माहीत आहे. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बघून देतो म्हणालो. सभेत बोललेल्या प्रत्येकानं तुझ्या उंदरांचा उल्लेख केला. त्यांतल्या बहुतेकांनी तुझी खोली कधी आतून पाहिलेली नाही.

तुला आठवत असेल, मीही त्या खोलीत आलो तो आमंत्रणानं आलो नव्हतो. गावात बोलणं होतं की फार्मसी कॉलेजात उंदरांना करंट देतात. न कळवता आलो. तू दार उघडलंस, चप्पल बाहेर ठेवायला लावलीस, हात धुवायला लावलेस आणि पडद्यामागच्या स्टुलावर बसवलंस. माझ्यावर रागावला नाहीस, याचीच मी आधी मनात नोंद घेतली. न कळवता आलेल्या बातमीदाराला जो इतक्या सहज आत घेतो, त्यानं आधीच काहीतरी आवरून ठेवलेलं असतं, असा माझा अनुभव.

करंट नव्हता. टेबलावर सागाचं लांबट खोकं होतं, पुढे जाऊन दोन बाजूंना फुटलेलं. फाट्याच्या अलीकडच्या कप्प्यात पांढरा उंदीर. डाव्या किंवा उजव्या फाट्याकडून त्याला एक इशारा मिळायचा. कधी दिवा लागून विझायचा, कधी घंटी वाजायची, कधी ओव्याची पुरचुंडी त्या फाट्याच्या तोंडाशी धरून काढून घेतली जायची. मग झडप पाडून उंदराला थोडा वेळ अंधारात ठेवायचं. झडप उचलली की ज्या बाजूचा इशारा होता त्या बाजूला तो गेला तर शेंगदाणा. झडप पडलेली असताना उंदराच्या डोक्यात काय उरतं, एवढाच तुझा प्रश्न होता. डोळ्यानं पाहिलेलं किती टिकतं, कानानं ऐकलेलं किती, नाकानं घेतलेलं किती.

"दाण्याचा वास येऊन तो तिकडे जात नसेल कशावरून?" मी विचारलं.

"दाणे दोन्हीकडे हायेत. एकीकडे जाळीखाली. वास सारखाच."

"तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात ते बघून?"

"म्हणून त पडदा हाय ना बाप्पा. तुमी त्याच्याच मागं बसले."

तू दिव्याचा प्रयोग सुरू केलास. मी पाहत होतो, पण ऐकतही होतो. थोड्या वेळानं मी डोळे मिटले आणि तुला पुढचा दिवा लावायला सांगितलं. टक. "डावा," मी म्हणालो. पुन्हा टक. "उजवा." तिसऱ्यांदा तू काहीच लावलं नाहीस. मी डोळे उघडले तर तू खोक्यावर वाकून दिव्याजवळच्या डबीला कान लावून उभा होतास.

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून तू प्रत्येक दिव्याला स्वतंत्र बॅटरी जोडून घेतली होतीस. गावातल्या वायरमननं ती बटणासकट डबीत घालून दिव्याला लागूनच बसवली होती. दिवा लागायच्या आधी त्या डबीतलं बटण वाजायचं. ज्या शहरात वीज जात नाही तिथल्या प्रयोगशाळेत ही चूक झाली नसती. तुझे उंदीर उजेड लक्षात ठेवत नव्हते, आवाज ऐकून जात होते.

चूक पकडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे मी बरंच पाहिलं आहे. तो चेहरा तुझ्यावर आला नाही. तू म्हणालास, "म्हणजे उजेडाचं सारं फेका लागते." आणि मग, "उद्या येता काय? अजून काही ऐकू येते का पाहाले?"

ज्यानं आपल्याला पकडलं त्याला दुसऱ्या दिवशी परत कोण बोलावतं? मी त्याचाही संशय घेतला. तरी आलो.

बातमी मी जपून लिहिली होती. शीर्षक डेस्कनं दिलं: 'उंदीर उजेड विसरतो, वास विसरत नाही!' अंक घेऊन तू कार्यालयात आलास आणि माझ्या टेबलावर आपटलास.

"हे मी म्हटलं काय?"

"शीर्षक मी देत नाही. डेस्क देतं."

"मंग डेस्कले बोलाव."

"डेस्क अकोल्याला आहे."

"बेज्या, अर्धी बातमी तुयाजवळ दिली का तू पुरी छापतं." मग खुर्ची ओढून बसलास आणि चहा मागवायला लावलास. त्या दिवसापासून मी तुझा 'तू' झालो, आणि तुझा 'बे'ही. पण ते वाक्य तू कधी मागे घेतलं नाहीस. मीही त्याचं उत्तर कधी दिलं नाही.

बटणं तू व्हरांड्यात नेलीस. उजेडाचा प्रयोग पुन्हा पहिल्यापासून केलास आणि पांढऱ्या उंदरांची उजेडाची आठवण खाली आली. झडप थोडी जास्त वेळ पाडून ठेवली की ते चुकू लागत. घंटी त्याहून बरी टिकायची. ओवा सगळ्यांत जास्त. या निकालानं तुझं नाव झालं. तुला परिषदांना बोलावलं जाऊ लागलं, विद्यार्थी तुझ्याकडे येऊ लागले. वडनेर भोलजीची स्नेहा त्यातलीच. ती तुझ्याकडे पीएच.डी. करू लागली आणि तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण ओव्यावर उभं राहिलं.

मला तो निकाल पहिल्यापासून जरा जास्तच सरळ वाटत होता. कारण सापडत नव्हतं. ते सापडलं तुझ्या जानेफळच्या घरी, जेवणाच्या आधी.

करुणावहिनी लाकडी काठवटीत भाकरीचं पीठ मळत होत्या. एक काठवट धुऊन भिंतीला उभी केली होती, पार वाळलेली. मी ती उचलून नाकाशी नेली. आंबूस वास होता, आदल्या दिवशीच्या पिठाचा नाही, कित्येक वर्षांच्या पिठाचा.

"काय हुंगून राह्यला बे?" तू विचारलंस.

"तुझं खोकं कशाचं आहे?"

"सागाचं. काऊन?"

"मग उंदराला आठवतं की लाकडाला?"

तू लगेच समजलास. दिवा विझला की उजेड उरत नाही. घंटी थांबली की आवाज उरत नाही. ओव्याची पुरचुंडी काढून घेतली तरी वास मात्र लाकडात उरतो. झडप उचलल्यावर उंदराला आठवायची गरजच नाही. नाक वर केलं की पुरे.

"स्पिरिटनं पुसतो ना मी."

"ही काठवटही धुतलेली आहे."

वहिनींनी पिठाचा हात वर केला. "माया काठवटीले नावं ठेवू नका भाऊजी. तिच्यातलीच भाकर खाऊन बोलाचं हाय तुम्हाले."

तू हसलास. पण जेवताना कमी बोललास. त्यावर वहिनी मला म्हणाल्या, "ह्यायचं हे नेहमीचंच हाय. विहारात पंचशील म्हणते, अन् इकडे उंदरं कोंडते." तू भाकरीतून मान वर न करता म्हणालास, "कोंडतो. मारत नाही."

तो वाद पुढे हिवरा आश्रमच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर चालत राहिला. ठिकाण तू निवडलं होतंस, कारण कॉलेज आणि माझं कार्यालय दोन्हीकडचं कोणी तिथे ऐकायला नसायचं. तुझं म्हणणं ठरलेलं होतं. उंदीर लाकूड हुंगून जात असता तर फाट्याशी थबकला असता. तो थबकत नाही, सरळ वळतो.

"थबकत नाही हे कोण बघतं?"

"मी पाह्यतो."

"ओवा कुठल्या बाजूला होता हे तुला माहीत असतं?"

"मीच धरतो त माहीत नसन काय?"

"मग तू उंदीर बघतोस की उत्तर बघतोस?"

"तुले बायकोनं भाजीत मीठ किती टाकलं विचारलं त तू आधी डबा मोजाले जाशीन."

टपरीवाला आपल्याला शेअरबाजारवाले समजत असे. ओवा वर जातो, उजेड खाली येतो, एवढंच त्यानं ऐकलं होतं.

मग एका टप्प्यावर तू उत्तर देणं थांबवलंस. मी लाकडाचा विषय काढला की तू संत्र्याच्या बहराबद्दल बोलायचास. आभाळाबद्दल बोलायचास. स्नेहाच्या घरच्यांना तिच्या लग्नाची घाई झाली आहे, त्याबद्दल बोलायचास. माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच. जो माणूस आधी भांडत होता आणि मग गप्प झाला, त्याला उत्तर मिळालेलं असतं आणि ते त्याच्या सोयीचं नसतं. तू खोकं बदलून बघितलंस, निकाल पडला आणि तू तो दाबलास, असं मी धरून चाललो. कारणंही मी जमवली होती. तुझं नाव. स्नेहाचा प्रबंध. परिषदेतली भाषणं.

एकदाच मी जवळपास विचारलं. "टक ऐकू आला तेव्हा सगळं फेकून दिलं होतंस. आता का नाही?"

तू कप खाली ठेवलास. "चाल, उन्ह कललं."

या विषयावर आपण बोललेलं हे शेवटचं.

त्याच काळात तू माझ्याकडे कोरा कागद मागायला लागलास. छापखान्यात रीळ संपत आलं की नळीभोवतीचे शेवटचे वेढे छापले जात नाहीत, ते काढून टाकतात. तुला ते हवे असत. शाई लागलेली नको, अगदी कोरे. मी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो की गाडीमागे बांधून आणत असे. कशासाठी, हे मी विचारलं नाही. पिंजऱ्यात उंदरांखाली अंथरत असशील, असं वाटलं. ज्यानं आयुष्य प्रश्न विचारण्यात घालवलं त्यानं हा एक विचारला नाही.

तू गेलास, त्याचे तपशील बातमीत आले आहेत. इथे पुन्हा देत नाही.

करुणावहिनींना भेटायला गेलो तेव्हा मोरीबाहेरच्या खुंटीवर तुझा ॲप्रन होता. तुला आठवत असेल, त्या ॲप्रनवरून त्या तुझ्याशी कायम भांडायच्या. उंदरांचा वास घरात नको, म्हणून तो खुंटीच्या पुढे येऊ द्यायच्या नाहीत. कोणीतरी तो धुवायला घेतला होता, तो त्यांनी काढून परत खुंटीला लावला. मला म्हणाल्या, "तिथून गेलं का वाटते, आले. आतापर्यंत त्या वासाचा राग येत होता."

माझ्या मनात काय आलं हे तुला सांगायला हवं, कारण दुसरं कोणी ते ऐकून घेणार नाही. मनात आलं, हे त्यांना आठवतं आहे की कापडाला?  तू मात्र ते ऐकून मला शिवी दिली असतीस आणि त्यावर विचार केला असतास.

पाटीचा कागद खिशात घेऊन मी कॉलेजात गेलो. माझ्यापुढे अडचण होती ती अशी. ओळ जशीच्या तशी जाऊ दिली तर मला खरं वाटत नसलेलं वाक्य तुझ्या नावावर दगडात कोरलं जाणार. संशय लिहिला तर तू उत्तर द्यायला नाहीस, आणि त्याचा मार पहिल्यांदा स्नेहाच्या प्रबंधावर बसणार. तिचा मार्गदर्शक गेला आहे. नवा मिळेपर्यंत तिच्या बाजूनं बोलायला कॉलेजात कोणी नाही.

ती प्राणिगृहातच होती. पिंजऱ्यांतलं पाणी बदलत होती.

"या काका. पाटी पाहाले आले का पिंजरा?"

"दोन्ही."

"पाटीची जागा तिकडे. खिळे ठोकून ठेवले."

सागाचं खोकं टेबलावर नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं होतं, तुमच्या घरातल्या काठवटीसारखं. टेबलावर त्याच मापाचं पत्र्याचं होतं, तळ नसलेलं. शेजारी कोऱ्या कागदांची चळत होती, खोक्याच्या मापानं कापलेली. कागद मी ओळखला. मीच आणलेला होता.

"हे काय आहे?"

"तुमचा कागद. हर वेळी नवा टाकतो. इशारा देऊन झडप पाडली का कागद बाहेर, अन् उंदीर गेला का पुन्हा बाहेर. पत्रा पुसतो. मंग तो पंखा लावून खोलीतली हवा काढतो. मंग दुसरा."

"कधीपासून?"

"दिवाळीची सुट्टी संपली तवापासून."

"कोणी सांगितलं?"

"सरांनी. म्हणे, पत्रकाराची शंका फेडाची हाय."

मी स्टुलावर बसलो. ते तेच स्टूल होतं. पण मला ओळखतोस. मी तिच्यावरही लगेच विश्वास ठेवला नाही. पत्र्याच्या सांध्यात वास अडकत असेल तर, विचारलं. तिनं सांधे दाखवले, आतून मेण भरलेलं होतं. उंदराच्या पायाला ओवा लागत असेल तर? पुरचुंडी जाळीपलीकडे धरतात. कागदालाच वास असेल तर? असेल, पण दोन्ही फाट्यांत तोच कागद.

"सरही हेच इचारत," ती म्हणाली. "वर म्हणत, तो आला त आणखी काय इचारीन ते सांग."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी खरं तर आलो होतो. "मग निकाल पडला तेव्हा त्यानं मला का नाही सांगितला?"

"कोणाले, सरांले? सरांले कुठं माहीत होता?"

तिनं सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं. नव्या खोक्याबरोबर तू नियमही नवा केला होतास. इशारा स्नेहा द्यायची. कोणत्या बाजूनं द्यायचा ते चिठ्ठी उचलून ठरायचं आणि तिलाच माहीत असायचं. तू तेवढा वेळ व्हरांड्यात, दार लावून. झडप उचलायच्या आधी ती हाक मारायची, तू पडद्यामागे येऊन फटीतून बघायचास, जिथून फाटा दिसतो पण दाणे दिसत नाहीत, आणि एकच शब्द बोलायचास. डावा किंवा उजवा. बरोबर होता की चूक, ते तिनं सांगायचं नाही. उजेड, घंटी, ओवा तिन्ही पूर्ण होईपर्यंत बेरीज करायची नाही. उजेड आणि घंटी झाली होती. ओवा अर्धा राहिला होता.

"रोज जाताना म्हणत, सांगू नको बरं. सांगितलं त मंग मी पाह्यत नाही, मोजतो."

"आणि मला का नाही सांगायचं?"

स्नेहानं पाण्याची नळी पिंजऱ्याला लावली. "म्हणे, त्याले सांगितलं का तो रोज इचारीन, काय आलं. त्यानं इचारलं का मी तुले इचारीन."

मिलिंद, टपरीवर बसून मी तुझ्या गप्प राहण्याचा जो अर्थ लावला तो चूक होता. तू उत्तर दाबत नव्हतास. तुझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते येऊ नये म्हणून तू संत्र्याबद्दल बोलत होतास. 'तू उंदीर बघतोस की उत्तर बघतोस' हे मी चहाच्या भरात बोललो होतो. तू ते घरी नेलंस आणि स्वतःला व्हरांड्यात उभं केलंस. माझ्यापेक्षा जास्त संशय तू घेतलास, आणि तो स्वतःवर घेतलास. याबद्दल तुझा आदर वाटला. रागही आला. माझ्या जिभेचा भरवसा तुला अखेरपर्यंत वाटला नाही, हेही त्या दोन वाक्यांत होतं. ते शीर्षक तू विसरला नव्हतास.

मी स्नेहाला विचारलं, "निकाल उलटा आला तर तुझ्या प्रबंधाचं काय?"

"तिसरं प्रकरण पुन्हा लिहा लागन. बाबा म्हणते, उंदरांच्या परीक्षा घेता घेता तुयी परीक्षा राहून जाईन."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. कायले नाही वाटणार? पण सरांनी उजेडाचं सारं फेकलं होतं, ते आम्ही हर वर्षी नव्या पोरांले सांगतो. आता मी नाही फेकलं त कोणत्या तोंडानं सांगू?"

मग ती म्हणाली, "मले अंदाज हाय. बेरीज नाही केली, पण इशारा मीच देते, डोळ्यासमोरच असते सारं. सांगू काय?"

खोलीत एक्झॉस्ट फॅन चालू होता. पिंजऱ्यात एक उंदीर पाण्याच्या नळीला दात लावत होता. कित्येक वर्षं मला जे हवं होतं ते एका शब्दावर आलं होतं. तो शब्द मिळाला असता तर पाटीची ओळ तिथल्या तिथे ठरली असती. तुझ्या बाजूनं किंवा माझ्या.

"सांगते," ती म्हणाली, "पण पह्यले एक ऐका. ओव्याचं अर्धं बाकी हाय. पडद्यामागं बसाले माणूस नाही. कॉलेजातल्या साऱ्यायले वाटते का वासच जिंकते. उंदीर कधी तोंड इकडे घालते अन् पाय तिकडे. तवा माणूस जे मनात असन तेच बोलते. मले असा माणूस पाहिजे का ज्याले हे खरंच वाटत नाही."

"मीही मग एका बाजूचाच झालो."

"तुम्ही त्या बाजूचे, मी ह्या बाजूची. पडदा मधात हाय. पण आता सांगितलं त मंग तुम्ही नाही चालणार."

अशी निवड माझ्यापुढे कोणी कधी ठेवली नव्हती. बातमी मिळवायची किंवा बातमी पुरी होऊ द्यायची.

"नको सांगू," मी म्हणालो.

बाहेर पडताना प्राचार्यांना भेटलो आणि कागद परत दिला. ओळ तयार नाही, असं सांगितलं.

"अहो, पाटीवाला थांबलाय."

"मग फक्त नाव कोरायला सांगा."

"नुसतं नाव? बरं दिसेल का ते?"

"सध्या तेवढंच पक्कं आहे."

ते नाराज झाले. शेवटी तयार झाले. नावाखाली जागा मोकळी ठेवा, असं मी सांगितलं. ती जागा कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटत असावं, मी अजून चांगली ओळ शोधतो आहे.

हा मजकूर वर्तमानपत्रात छापायला देण्याआधी स्नेहानं वाचला आहे. एक वाक्य तिनं काढायला लावलं. त्यात निकालाबद्दल माझा अंदाज होता. तू असतास तर दोन काढायला लावली असतीस. शीर्षक या वेळी मी स्वतः दिलं आहे आणि डेस्कनं त्याला हात लावू नये असं लेखी कळवलं आहे.

आता मी दुपारी कॉलेजात जातो. चप्पल बाहेर काढतो, हात धुतो, व्हरांड्यात उभा राहतो. तू जिथे उभा राहायचास तिथे भिंतीला तुझ्या खांद्याच्या उंचीवर तेलकट डाग आहे. तो तुझाच कशावरून, हे मी ठरवू शकत नाही. आत खुडबुड होते. चिठ्ठी उचलली जाते. मग शांतता, ती लांबच लांब वाटते. तेवढा वेळ उंदीर झडपेमागे अंधारात असतो आणि मी दारामागे. स्नेहा हाक मारते.

फटीतून फाटा नीट दिसतो. कोऱ्या कागदावर पांढरा उंदीर, म्हणून आधी मिशा आणि डोळे दिसतात. फाट्याशी तो थबकतो की सरळ वळतो, यावर आपण किती चहा प्यालो. मी आता ते रोज बघतो. इथे लिहीत नाही.

काल शेवटच्या फेरीत तो वळला. "उजवा," मी म्हणालो. पडद्यापलीकडे स्नेहानं जुना कागद ओढून काढला, पत्रा पुसला आणि पंखा लावला. उंदीर बरोबर होता की चूक, ते तिनं सांगितलं नाही.

मी विचारलं नाही.